चेहरा स्कॅन होत नाही, हयातीचा दाखला अडकतो: वर्तुळ हिरवं झालं का, ते आधी बघा

पेन्शन चालू राहावी म्हणून आपण हयात असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, त्यामुळे नोव्हेंबर लागला की आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत सकाळी दहापासून खुर्च्या भरतात. हातात पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) मळकी झेरॉक्स, पासबुक, आधार कार्ड आणि सगळ्यांच्या तोंडी एकच तक्रार: "फोन माझा चेहराच घेत नाही गं." मुलाने किंवा नातवाने घरी दहा-बारा वेळा करून पाहिलेलं असतं. शेवटी कुणीतरी वैतागून बोललेलंही असतं आणि ते त्यांच्या मनाला लागलेलं असतं. डिसेंबरची पेन्शन थांबेल का, ही धास्ती त्याहून मोठी.

चार वर्षं दर नोव्हेंबरात मी या टेबलावर बसते आहे. दरवर्षी तेच अडथळे येतात आणि दरवर्षी लोक तीच चूक करतात. स्कॅन फसला की लगेच पुन्हा, तो फसला की आणखी एकदा. असं करू नका. स्कॅन दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर फसतो आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

पहिला टप्पा फोनमधला. कॅमेरा चालू होतो, पडद्यावर गोल चौकट येते, चेहरा तिच्यात नीट बसला की कड हिरवी होते, मग डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. इथे अडलं, म्हणजे कड हिरवीच होत नाही, उघडझाप ओळखली जात नाही, वेळ संपून कॅमेरा बंद होतो, तर तुमचा चेहरा आधारच्या यंत्रणेपर्यंत पोचलेलाच नाही. तुमच्या आधारमध्ये काही खोट आहे असं समजू नका. उपाय त्या खोलीतच आहे: उजेड, लेन्स, बसण्याची जागा.

दुसरा टप्पा आधारच्या सर्व्हरवरचा. फोटो निघाला, चाक फिरलं आणि मग 'जुळत नाही' असा निरोप किंवा एखादा आकडा आला. इथे खिडकी उघडून किंवा खुर्ची फिरवून फारसा फरक पडत नाही. उपाय बहुधा आधारच्या नोंदीत किंवा आलेल्या आकड्यात शोधावा लागतो. म्हणून कुणीही टेबलाशी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वर्तुळ हिरवं झालं होतं का?"

ॲप दोन लागतात आणि त्यातलं एक दिसत नाही

हयातीच्या दाखल्यासाठी 'जीवन प्रमाण' हे ॲप लागतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ही सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा बोटाचं किंवा डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र लागायचं. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. चेहरा टिपण्याचं काम मात्र जीवन प्रमाण ॲप स्वतः करत नाही. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयचं (युनिक आयडेंटिफिकेशन अथॉरिटी ऑफ इंडिया) 'आधारफेसआरडी' नावाचं वेगळं ॲप करतं. रेशन कार्डाच्या ई-केवायसीसाठी आपल्याकडे 'मेरा ई-केवायसी' ॲप वापरतात, त्याच्याही मागे हेच आधारफेसआरडी असतं. त्यामुळे खाली लिहिलेलं बरंचसं तिथेही लागू पडतं.

गोंधळ असा होतो, की आधारफेसआरडी बसवल्यावर त्याचं चिन्ह फोनच्या पडद्यावर येत नाही. ते मागे राहून काम करतं, दुसऱ्या ॲपने हाक मारली की उघडतं. लोकांना वाटतं ॲप बसलंच नाही. मग ते शोधत सुटतात आणि नावाशी मिळतंजुळतं भलतंच काहीतरी बसवतात. खात्री करायची असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा. तिथे आधारफेसआरडी सापडेल. त्याला कॅमेऱ्याची परवानगी आहे का, ते तिथेच पाहा. प्ले स्टोअरमध्ये 'अपडेट' दिसत असेल तर आधी ते करून घ्या. गेल्या नोव्हेंबरपासून ॲपला हात लागलेला नाही, अशा फोनवर निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

फोनच्या सेटिंग्जमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स (ॲप बनवणाऱ्यांसाठीची खास सोय) चालू असतील तर बंद करा. फोन रूट केलेला, म्हणजे त्याची मूळ सुरक्षा तोडलेली, असेल तर त्यावर वेळ घालवू नका, दुसरा घ्या. ही यंत्रणा फोनशी छेडछाड झालेली नाही ना, हे तपासते आणि शंका आली तर काम करायला नकार देते.

यानंतरची चूक मला दर आठवड्याला दिसते, तीही शिकल्यासवरलेल्या मुलांकडून. जीवन प्रमाण पहिल्यांदा उघडल्यावर आधी 'ऑपरेटर'ची ओळख मागतं. ऑपरेटर म्हणजे फोन हाताळणारा माणूस. तिथे मुलाने स्वतःचा आधार क्रमांक, स्वतःचा मोबाईल आणि ईमेल टाकून स्वतःचाच चेहरा द्यायचा असतो. गेल्या वर्षी एक मुलगा आईला घेऊन आला होता. त्याने ऑपरेटरच्या जागी आईचा आधार क्रमांक टाकला होता आणि कॅमेऱ्यासमोर स्वतः बसला होता. अर्थातच जुळत नव्हतं, आणि बिचाऱ्या काकूंना वाटत होतं की त्यांच्याच आधारमध्ये काही घोटाळा आहे. ऑपरेटरची पायरी त्या फोनवर एकदा पार पडली, की पुढे पेन्शनरचा आधार क्रमांक, मोबाईलवर आलेला ओटीपी, पेन्शनची माहिती आणि मग पेन्शनरचा चेहरा. एका फोनवरून अनेक पेन्शनरांचे दाखले निघतात. पेन्शनर स्वतःच फोन चालवत असतील, तर ऑपरेटरही तेच आणि पेन्शनरही तेच, तरी चालतं.

उजेड

माझे वडील एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. तीस वर्षं डिझेल आणि ग्रीसमध्ये काम केलेल्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. बोटाचं यंत्र दरवर्षी नाही म्हणायचं, आणि ते घरी येऊन आपला अंगठा बघत बसायचे. चेहऱ्याची सोय आली तेव्हा मला फार आनंद झाला. मी फोन घेऊन बसले आणि पाऊण तास काहीच जमेना. वडील नेहमीच्या जागेवर होते, ओटीवर, दाराकडे पाठ करून. अकराचं ऊन दारातून आत येत होतं. पडद्यावर मागचं अंगण लख्ख दिसत होतं आणि वडिलांचा चेहरा काळा. त्यांना खुर्चीसकट उलटं फिरवलं, तोंड दाराकडे केलं, आणि पहिल्याच प्रयत्नात कड हिरवी झाली.

कॅमेरा चौकटीतला एकूण उजेड मोजून स्वतःला जुळवतो. पाठीमागे खिडकी किंवा दार असेल तर तो त्या उजेडाप्रमाणे जुळतो आणि चेहरा अंधारात जातो. म्हणून पेन्शनरचं तोंड खिडकीकडे हवं आणि पाठ भिंतीकडे. भिंत साधी असावी. देवघर, कॅलेंडर, घरातल्यांच्या फोटोंच्या चौकटी मागे नकोत, मागे दुसरा चेहरा तर नकोच. नातवंडं कुतूहलाने खुर्चीमागे येऊन उभी राहतात, त्यांना दोन मिनिटं बाजूला बसवा.

थेट ऊनही नको, त्याने डोळे बारीक होतात. संध्याकाळी करायचं असेल तर डोक्यावरच्या ट्यूबचा उपयोग कमी. वयाने डोळे खोल गेलेले असतात, वरून प्रकाश पडला की भुवयांची सावली डोळ्यांवर येते आणि उघडझाप ओळखली जात नाही. समोर टेबल लॅम्प ठेवा, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी करा.

लेन्स पुसा. स्वयंपाकघरात वापरलेल्या फोनच्या लेन्सवर तेलाचा थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. मऊ, कोरड्या कापडाने पुसला की चित्र एकदम स्वच्छ होतं. कॅमेरा बदलायची खूण दिसत असेल तर दुसऱ्याचा चेहरा घेताना मागचा कॅमेरा वापरा, तो बहुधा जास्त चांगला असतो आणि पडदाही तुमच्याकडे राहतो. फोन पेन्शनरच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. उभं राहून वरून धरला तर ते मान वर करतात आणि चेहरा तिरका येतो. मी समोर स्टुलावर बसते आणि कोपर टेबलावर टेकवते, म्हणजे हात हलत नाही.

डोळे, चष्मा, कान

चष्मा काढायला सांगा. काचेवर खिडकीची चमक पडते. टोपी, मफलर, कानपट्टी, डोक्यावरचा पदर कपाळावर आला असेल तर तोही मागे घ्यायला सांगा, पण आदराने. माझ्या टेबलावर एखादी आजी पदर मागे घ्यायला संकोचते, तेव्हा मी खोलीतल्या पुरुषमंडळींना जरा बाहेर थांबायला सांगते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं असेल तर चार-सहा आठवडे थांबलेलं बरं. डोळ्याला सूज आणि हिरवी पट्टी असताना आग्रह धरू नका.

उघडझापेचं एक कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. आपल्या आईवडिलांना आयुष्यभर स्टुडिओतल्या फोटोग्राफरने सांगितलेलं असतं, "डोळे मिटू नका." कॅमेरा समोर आला की ते डोळे ताणून उघडे ठेवतात, श्वाससुद्धा रोखतात. इथे नेमकं उलटं हवं. समोर जिवंत माणूस आहे, छापील फोटो नाही, हे यंत्र उघडझापेवरून ओळखतं. म्हणून फोन हातात घेण्याआधीच एकदा तालीम करून घ्या: "काका, माझ्याकडे बघा. आता डोळे मिटा, उघडा. पुन्हा मिटा, उघडा. असंच करायचं." सावकाश, पूर्ण मिटून.

कमी ऐकू येणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. कॅमेरा चालू असताना आपण बोललो की ते ऐकायला मान वळवतात, कान पुढे करतात, आणि चेहरा चौकटीबाहेर जातो. म्हणून सगळं आधी सांगायचं आणि स्कॅन चालू असताना गप्प राहायचं. मी खांद्याला हलका स्पर्श करायची खूण ठरवते, स्पर्श झाला की उघडझाप सुरू. बाजूच्या सूनबाईंनीही तेवढा वेळ बोलू नये.

पक्षाघाताने एक पापणी मिटत नसेल, मान स्थिर राहत नसेल, तर चेहऱ्याचा हट्ट सोडा. पर्याय पुढे लिहिले आहेत.

आकडा आला तर

आता दुसरा टप्पा. निरोपात बहुधा एक आकडा असतो. तो पुसून टाकायच्या आत लिहून घ्या, अर्धं उत्तर त्यातच असतं.

३३० आला तर बायोमेट्रिक लॉक आहे. फसवणुकीच्या बातम्या वाचून मुलं आईवडिलांचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण मग नोव्हेंबरमध्ये कुणालाच ते आठवत नाही. हे कुलूप बोटं, बुबुळं आणि चेहरा तिन्हींना लागतं. यूआयडीएआयच्या आधार ॲपमधून किंवा मायआधार पोर्टलवरून ते उघडता येतं. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणून तो नंबर चालू हवा. तात्पुरतं उघडलं तर थोड्याच वेळात कुलूप आपोआप परत लागतं, तेव्हा आधी पेन्शनची सगळी माहिती भरून, पेन्शनरला उजेडात बसवून, मगच उघडा.

३०० म्हणजे चेहरा पोचला, पण नोंदीशी जुळला नाही. आधी आधार क्रमांक त्याच व्यक्तीचा आहे ना, ते बघा. नवरा-बायकोची कार्डं एकाच पाकिटात असतात आणि अदलाबदल होते. तो बरोबर असेल तर चांगल्या उजेडात आणखी दोनदा करा. तरीही ३०० च येत असेल, तर बहुधा नोंदीतला फोटो जुना झालाय.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात शाळांच्या वर्गांत, समाजमंदिरांत नोंदणीची शिबिरं लागली. बऱ्याच ज्येष्ठांचा आधारमधला फोटो त्या वेळचा आहे. तेव्हा वय साठ होतं, आज पंचाहत्तर. मधे दात गेले, वजन निम्मं झालं, दाढी आली किंवा गेली. फोटोच बदलला पाहिजे. तो ऑनलाइन बदलत नाही, आधार सेवा केंद्रात प्रत्यक्ष जावं लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून बायोमेट्रिक बदलाचं शुल्क १२५ रुपये आहे. नवी नोंद लागू व्हायला वेळ लागतो, म्हणून हे नोव्हेंबरात नाही, गणपतीच्या आधीच उरकायला हवं. जाताना आईला केस विंचरून, रोजच्या चेहऱ्याने न्या, आणि कवळी रोज घालत असेल तर घालूनच.

५६१ किंवा ५६२ हे फोनच्या घड्याळाचं दुखणं आहे. फोनची वेळ मागे किंवा पुढे आहे. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा, संपलं. ९९८ आला तर बहुधा आधार क्रमांक टाकताना आकडा चुकलाय, बारा आकडे मोठ्याने वाचून पुन्हा टाका. तोच आकडा परत आला, किंवा ९९५, ९९६, ९९७ पैकी काही आलं, तर आधारची नोंदच थांबलेली किंवा रद्द झालेली असू शकते. तेव्हा १९४७ या क्रमांकावर फोन करा किंवा केंद्रात जा. घरी बसून स्कॅन करत राहण्याने काही होणार नाही.

स्कॅन झाला, तरी पेन्शन थांबली

हेही दरवर्षी घडतं आणि यात चेहऱ्याचा काही दोष नसतो. प्रमाण आयडी, म्हणजे तयार झालेल्या दाखल्याचा क्रमांक, आला की लोक निश्चिंत होतात. पण दाखला तयार होणं आणि पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने तो स्वीकारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेन्शन मंजूर करणारं खातं आणि पेन्शन देणारी संस्था निवडताना चूक झाली, जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेने घाईत केंद्र सरकार निवडलं, पीपीओचा एखादा आकडा राहिला, की दाखला नाकारला जातो. म्हणून आठ-दहा दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर प्रमाण आयडी टाकून स्थिती पाहा. नाकारला असेल तर बरोबर माहिती भरून नवा काढता येतो.

ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे एसटी, साखर कारखाने, गिरण्या आणि खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांना, नोव्हेंबरचं बंधन नाही. वर्षात कधीही दिला तरी दाखला त्या दिवसापासून बारा महिने चालतो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांपैकी ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळा देश एकदम त्या सर्व्हरवर जातो, तेव्हा थांबायचं कशाला? आणि एक, फॉर्ममध्ये पुनर्विवाह आणि पुनर्नोकरीबद्दल विचारतात. तिथे उत्तर 'हो' असेल तर हा डिजिटल दाखला चालत नाही, कार्यालयात जाऊन कागदावर द्यावा लागतो.

फोन आणि आधार कुणाच्या हातात देताय

स्कॅन जमला नाही की माणूस हताश होतो, आणि त्याच क्षणी फोन येतो: "पेन्शन ऑफिसातून बोलतोय, दाखला आम्ही करून देतो, ओटीपी सांगा." गेल्या हिवाळ्यात आमच्या संघातल्या एका काकांना व्हॉट्सॲपवर एक फाईल आली होती, नाव 'जीवन प्रमाण' आणि शेवटी 'एपीके', म्हणजे उघडताच फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल. त्यांनी ती उघडण्याआधी मला दाखवली, म्हणून वाचले. बँक, कोषागार, ईपीएफओ (भविष्य निर्वाह निधीचं कार्यालय) यांच्यापैकी कुणीही ओटीपी फोनवर मागत नाही, ॲप व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. आधारफेसआरडी प्ले स्टोअरमधूनच घ्या आणि खाली यूआयडीएआयचं पूर्ण नाव आहे का ते वाचा. फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं कुठलंही ॲप चालू असताना स्कॅन करू नका. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा.

दाखला काढून देणारा माणूस तुमचा आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि पीपीओ बघतो. म्हणून ओळखीतलाच निवडा. आमच्या टेबलावर नियम आहे: वहीत काही लिहायचं नाही, कार्डाचा फोटो काढायचा नाही, ओटीपी पेन्शनरने स्वतः वाचायचा किंवा स्वतः टाकायचा.

पुण्या-मुंबईतली आणि परदेशातली मुलं मला हमखास विचारतात: आई गावाला आहे, व्हिडिओ कॉल लावून पडद्यावरचा चेहरा स्कॅन करू का? नाही. पडद्यावरचं चित्र आणि समोर बसलेला माणूस यांतला फरक ओळखायलाच ती उघडझाप ठेवली आहे. तसा प्रयत्न करण्यात वेळ घालवू नका. गावात कुणा विश्वासातल्या माणसाचा फोन वापरा. तो ऑपरेटर होईल आणि आई त्याच्यासमोर बसेल.

चेहरा अजिबात जमला नाही तर

सीएससी (सरकारी सेवा देणाऱ्या सामायिक सेवा) केंद्रात किंवा बँकेत बोटांचं, काही ठिकाणी बुबुळाचं यंत्र असतं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा आहे, शुल्क साधारणपणे ७० रुपये. आणि कागदी दाखला बंद झालेला नाही. बँकेत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करता येते. कुणी "आता फक्त ऑनलाइनच" म्हणालं, तर शाखा व्यवस्थापकांना भेटा.

काम झाल्यावर बायोमेट्रिक लॉक परत लागलंय का, ते बघा. मायआधार पोर्टलवर मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं, त्याची यादी दिसते. त्यात आज केलेली नोंद असेल. तिच्याखाली एखादी नोंद तुम्हाला आठवत नसेल, तर तारीख-वेळ लिहून घ्या आणि १९४७ वर विचारा. वडिलांच्या यादीत मी हे दर तीन महिन्यांनी बघते, ते शेजारी बसून एकेक ओळ वाचून घेतात.